चार हजार ओळींची यादी

चिमीला चव्वेचाळिसावं लागलं होतं, कपाळावरची एक बट पांढरी झाली होती, आणि जगाच्या पाठीवरचे कितीतरी लोक तिचं तोंडही न बघता तिच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवत होते. घरात मात्र ती चिमीच होती. शेंडेफळाला मोठं व्हायची परवानगी नसते, हे तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

तिची सही चालायची ती 'दरवान' नावाच्या प्रोग्रामवर. दरवान म्हणजे नेटवर्कवरचा एक सर्व्हर. बाहेरून येणारा प्रत्येक फोन त्यानं दाराशी घ्यायचा, "आपला फोन मिळाला आहे, कृपया थांबा" असं म्हणायचं आणि आत जे टेबल रिकामं असेल तिकडे तो धाडून द्यायचा. एवढंच त्याचं काम. पण ते तो इतकं चोख करायचा, की दवाखान्यांपासून आगीच्या बंबांपर्यंत बऱ्याच ठिकाणी तोच बसवलेला होता. त्याचा कोड उघडा होता. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी, कुणीही फुकट वापरावा. दुरुस्ती आत घ्यायची तर मात्र दोघांच्या सह्या लागत. एक चिमीची आणि दुसरी सासूबाईंची.

सासूबाई म्हणजे टक्कल पडलेले, निवृत्त झालेले एक तारमास्तर. कुणी दुरुस्ती पाठवली की हे काका तिच्यात पन्नास खोड्या काढायचे. हा शब्द इथे का, ही ओळ तिथे का, याची गरज काय, ते आधी का नाही सांगितलं. नव्या माणसाला तर ते पार रडवायचे. कुणीतरी वैतागून त्यांना सासूबाई म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. काकांनाही ते आवडत असावं, कारण पुढे पुढे ते स्वतःच पत्राखाली 'सासू' लिहू लागले.

आणि मग मुंगी आली. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, बाई की बाप्या तेही नाही. दोन वर्षं मुंगी रोज एखादी बारीकशी दुरुस्ती पाठवायची. कुठे चुकलेला स्वल्पविराम, कुठे उगाच वाया जाणारी मेमरी, कुठे कुणी हात न लावलेली जुनी तक्रार. तक्रार नाही, घाई नाही, मानापमान नाही. चिमीला ताई म्हणायची आणि आईच्या मोतीबिंदूची आवर्जून चौकशी करायची. अशा माणसाचा लळा लागतोच, चिमीलाही लागला.

तीन महिन्यांपूर्वी मुंगीनं पहिल्यांदा मोठं काम पाठवलं. फोन कुठल्या भागातून आला हे दरवानाला पटकन कळावं, म्हणून नंबरांच्या सुरुवातीच्या आकड्यांची एक चार हजार ओळींची यादी, आणि ती वाचणारा थोडा कोड. सासूबाईंनी फणा काढला. यादी प्रोग्राम चालू असताना का वाचायची, आधीच आत का नाही घालायची? मुंगीनं दुरुस्त करून पाठवलं. पुन्हा खोड्या, पुन्हा दुरुस्ती. असं सात वेळा झालं. तिसऱ्या आठवड्यात बाकीचे लोकही बोलू लागले, की म्हाताऱ्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. शेवटी चिमीनं सगळ्यांसमोर लिहिलं, "काका, आता पुरे." काका दुसऱ्या दिवशी निघून गेले. निरोपाचं पत्र नाही, काही नाही. त्यांचा सहीचा हक्क चिमीनं मुंगीला दिला.

हे सगळं होऊन गेलं होतं आणि चिमी त्याबद्दल फारसा विचारही करत नव्हती. त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला नसता तर तिनं केलाही नसता.

दादा रुग्णवाहिकांच्या केंद्रात होता. फोन येणार, चार टेबलांवर चौघं घेणार, गाड्या सुटणार. तिथली सगळी यंत्रं दादाच्या ताब्यात होती, आणि तिथे दरवान बसवला तो साहेबांशी भांडून, बहिणीच्या भरवशावर. "आमच्याकडे दहाव्या सेकंदाला फोन उचलला जातो," हे तो लग्नकार्यातसुद्धा ऐकवायचा.

"चिमे, नवी आवृत्ती आज पाचला बसवतोय," तो म्हणाला. "नीट बघितलंयस ना?"

"सही आहे ना माझी त्याच्यावर!"

"बस. झालं मग."

फोन ठेवल्यावर ते 'नीट बघितलंयस ना' तिच्या कानात राहून गेलं. जेवताना ते होतं, आईच्या डोळ्यांत थेंब घालताना होतं. दीडच्या सुमाराला ती आपल्या खोलीत आली, लॅपटॉप उघडला आणि मनाची खात्री करून घ्यावी एवढ्यासाठी नव्या आवृत्तीत गेलेलं मुंगीचं ते मोठं काम काढून बसली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती या धंद्यातल्या माणसांना न सांगताही कळेल, पण ती कबूल मात्र कुणी करणार नाही. दुरुस्ती सात वेळा आली तर सातही वेळा ती पहिल्यापासून कुणी वाचत नाही. दुरुस्ती ज्या वेबपानावर येते तिथे मागच्या वेळेनंतर काय बदललं, तेवढंच दाखवणारं एक बटण असतं, ते दाबायचं आणि तेवढंच वाचायचं. त्यात एखादी फाइल फार मोठी असली, तर ते पान ती मिटूनच ठेवतं आणि लिहितं, 'फाइल मोठी आहे, बघायची असल्यास उघडा.' चार हजार ओळींची आकड्यांची यादी कोण उघडतं? पहिल्या वेळी तिनं ती उघडली होती, वरवर चाळली होती. पुढच्या सहा वेळा नाही. यादी सहाव्या वेळी बदलून आली होती, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

तिनं पहिली यादी आणि सहावी यादी शेजारी शेजारी ठेवल्या आणि फरक काढला. चार हजारांत नऊ ओळी वेगळ्या होत्या. तीन ठिकाणी साधी चूक सुधारली होती. उरलेल्या सहा नव्या होत्या. त्या सहा ओळींतले आकडे कुठल्याच देशाचे नव्हते, कुठल्याच भागाचे नव्हते. असे नंबर जगात नसतातच.

चिमीला एकदम गार वाटलं. खिडकी बंद होती.

चूकभूल असेल, ती स्वतःला म्हणाली. मुंगी आहे ती, काय कुणी चोर आहे? आणि तिनं तेच केलं जे ती वीस वर्षं करत आली होती. उघड्या कोडवर काम करणाऱ्यांची रीतच तशी. संशय आला तरी आधी चारचौघांत, सभ्यपणे, त्याच पानाखाली विचारायचं. पाठीमागे कुजबुजायचं नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी तिनं पानाखाली लिहिलं, "यादीतल्या या सहा ओळी कशाच्या आहेत, जरा सांगशील का?" आणि खाली हसरा चेहरा काढला.

चार मिनिटांत उत्तर आलं.

"ताई, आईंचे डोळे कसे आहेत? ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ना? तुम्ही फार दमता. आज आराम करा. यादीचं मी संध्याकाळी बघते."

चिमीनं ते दोनदा वाचलं. ऑपरेशन होणार हे तिनं बोलता बोलता कधीतरी सांगितलं असेल. पण मंगळवार? मंगळवार काल संध्याकाळी ठरला होता. तिनं दादाला तेवढं कळवलं होतं, तेही मेलवरून. तिचा हात आपोआप लॅपटॉपच्या कॅमेऱ्याकडे गेला आणि तिनं त्यावर अंगठा दाबून धरला. मग तिला स्वतःचंच हसू आलं. पाठीमागे कुणी उभं आहे असं इतकं स्पष्ट वाटलं, की तिनं वळून बघितलं. दारामागे तिचा गाऊन लटकत होता.

"चिमे, कुणाशी बोलतेस गं?" पलीकडून आईनं विचारलं.

"कुणाशी नाही, आई."

काकांना फोन करायला तिला दहा मिनिटं लागली. त्यातली नऊ लाजेत गेली. फोन तिसऱ्या घंटेला उचलला गेला.

"बोल," सासूबाई म्हणाले. कशी आहेस नाही, इतक्या दिवसांनी आठवण झाली नाही, काही नाही.

"काका, मी चुकले. तुम्ही ते... तुम्ही जरा एक बघाल का माझ्याबरोबर?"

"ओरडू नकोस, ऐकू येतंय मला. कुठली फाइल?"

तिनं सांगितलं. पलीकडे खुर्ची कुरकुरली, चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला आणि पुटपुटणं सुरू झालं. काका वाचताना तोंडानं पुटपुटायचे, ती सवय होती त्यांची. मधेच ते थांबलं.

"मुंगीची मार्चमधली ती एक दुरुस्ती काढ," ते म्हणाले. "चार ओळींची. तू तिचं फार कौतुक केलं होतंस."

तिनं ती काढली. यादीत आकडे आहेत पण त्यांचा भागच लागत नाही अशा नंबरावरून फोन आला तर काय करायचं, याबद्दलच्या त्या चार ओळी होत्या. दरवानानं थोडी 'विश्रांती' घ्यायची, असं तिथे लिहिलेलं होतं. तेव्हा तिला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. एकटी वाचली तर ती दुरुस्ती निर्दोष होती. यादीही एकटी वाचली तर नुसती यादी होती.

"दोन्ही एकत्र ठेवून वाच," काका म्हणाले. "त्या सहांपैकी एका नंबराचं सोंग घेऊन कुणी फोन केला, की दरवान आतल्या टेबलांना सांगणं बंद करतो. बाहेरच्याला मात्र थांबा, थांबा म्हणतच राहतो. आतल्यांच्या पडद्यावर सगळं हिरवंगार. यादी कसली, किल्ली आहे ही. ज्याच्याकडे असेल त्यानं कुठल्याही दाराला बाहेरून कडी लावावी."

"मग... मग अजून कुणी लावली असेल का?"

"आपल्याला कळलंय हे त्याला कळेपर्यंत कशाला लावेल? दडवलेली वस्तू आहे ती. उघडी पडणार असं दिसलं की मात्र माणूस एकदा वापरून बघतो." मग त्यांनी विचारलं, "चिमे, तू मुंगीला काही विचारलं नाहीस ना?"

चिमी पडद्यावरचा आपला तो हसरा चेहरा बघत राहिली.

"पानावर विचारलंस?"

"नेहमीसारखं. दोन वाजता."

काकांनी श्वास सोडला तो तिला ऐकू आला. खरं तर या माणसानं या वेळी तिची खरडपट्टी काढायला हवी होती, तसा त्यांचा हक्कच होता. ते एवढंच म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी नवी आवृत्ती घेतली असेल त्यांना मी कळवायला बसतो. तुझ्या भावाला तू कर."

दादा पाचला बसवणार आहे, तिनं स्वतःला बजावलं. आत्ता पावणेतीन. अजून सव्वादोन तास आहेत. तिनं दादाचा मोबाइल लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग आठवलं, कामावर असताना मोबाइल खणात ठेवायचा असा तिथला नियम, आणि तो नियम दादानंच केलेला.

मग तिनं मोबाइल लॅपटॉपशेजारी ठेवला आणि घरातला बिनतारी फोन उचलून रुग्णवाहिकेचाच नंबर फिरवला. जीव जात असताना लोक जो फिरवतात तोच. खोटा फोन करतेय म्हणून तिला अपराधी वाटलं, पण दहा सेकंदांचा तर प्रश्न होता.

"आपला फोन मिळाला आहे, कृपया थांबा."

ती थांबली. समोरच्या घड्याळाचा काटा दहा सेकंदांवरून पुढे गेला. वीस झाले. चाळीस झाले.

"आपला फोन मिळाला आहे, कृपया थांबा."

तो आवाज तिच्याच ओळखीच्या एका बाईचा होता. पाच वर्षांपूर्वी चिमीनंच तो ध्वनिमुद्रित करून घेतला होता, घाबरलेल्या माणसाला धीर वाटावा असा मऊ. एक मिनिट झालं. दीड झालं. दादाच्या केंद्रात फोन दीड मिनिट कधी वाजत नाही. दादानं पाचची वाट बघितलेली नाही.

फोन कानाला तसाच धरून ती आईच्या खोलीत धावली. "आई, दादाच्या ऑफिसचा दुसरा नंबर! कुठलाही, लवकर!"

"काय झालं गं? दादाला काही...?"

"आई, नंबर!"

आई घाबरली की तिला काही सुचत नसे. पण त्या दिवशी तिनं आधी उशीखालून आपली वही काढली आणि मग ती रडायला लागली. वहीत आईच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ड्रायव्हर लोकांची खोली'. पूर्वी दादाचा डबा राहिला की ती तिथे फोन करायची. तो नंबर साधा, जुना, भिंतीवरच्या फोनचा होता. तो दरवानातून जात नव्हता. चिमीनं हातातला फोन तोडून तो लावला.

"हां, बोला," एका ड्रायव्हरनं उचलला. मागे हसण्याचा आवाज येत होता, पत्ते आपटल्याचा आवाज येत होता.

"मी दादाची बहीण. त्याला बोलवा, आत्ताच्या आत्ता."

"अहो ताई, बोलवतो की. आहेत ते पलीकडेच, खिडकीतून दिसतायत. आज सगळे निवांत आहेत बघा. सव्वादोनपासून एक गाडी हलली नाही. असा दिवस वर्षातून एकदा मिळतो." मग फोन बाजूला धरून त्यानं हाक मारली, "ओ साहेब, बहिणीचा फोन!"

सव्वादोन. चिमी जमिनीवर बसली.

दादा आला तो खुशीत होता. "काय गं, करमत नाही का? ऐक ना, मी दुपारीच बसवून टाकलं. जेवणाच्या वेळेला गर्दी कमी असते. पाचला साहेब मधे मधे करतात. आणि तुझी सही होती, मग कशाला थांबू? एकदम झकास चाललंय, सगळं हिरवं..."

"दादा, ते काढ. जुनं चालू कर."

"का?"

"तुमचे फोन बंद आहेत. सव्वादोनपासून. बाहेर सगळ्यांना थांबा म्हणतोय तो, तुम्हाला सांगत नाहीये. मी आत्ता लावला होता."

दादा अशा आवाजात बोलला जो तिनं लहानपणीही ऐकला नव्हता. "तू वाचलं होतंस ना, चिमे?"

"नाही."

फोन कशावर तरी आदळला. दादानं तो ठेवला नव्हता, नुसता सोडला होता. तार भिंतीला घासल्यासारखा आवाज येत राहिला. पलीकडे कुणाची तरी खुर्ची पडली, दादा ओरडला, कुणीतरी विचारलं काय झालं म्हणून, पत्त्यांचा आवाज थांबला. चिमीनं फोन कानाशी इतका दाबला होता की कान दुखत होता. आई तिच्या शेजारी येऊन बसली होती, तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि काय झालं ते विचारत नव्हती.

दोन मिनिटं गेली असतील. मग एक घंटी वाजली. पाठोपाठ दुसरी वाजली. मग चारही टेबलांवर एकदम वाजू लागल्या, आणि उचलली तशी पुन्हा, उचलली तशी पुन्हा. ड्रायव्हर लोकांच्या बुटांचे आवाज झाले, एक गाडी सुरू झाली, मग आणखी दोन. फोन चालू झाले, चिमीच्या मनात आलं, चालू झाले. तिनं डोळे मिटले.

खिडकीजवळच्या टेबलावर एक तरुण मुलगी बोलत होती. तिचा आवाज बाकीच्या गोंधळातूनही नीट येत होता.

"हो, बोला, रुग्णवाहिका केंद्र... हो आजी... पत्ता सांगा... बरं. कधीपासून फोन लावत होतात तुम्ही?"

मग ती ऐकत राहिली. खूप वेळ ऐकत राहिली. बाकीच्या घंट्या वाजत होत्या.

"मग," ती मुलगी अगदी हळू म्हणाली, "आता गाडी नकोय का तुम्हाला?"

चिमीनं फोन खाली ठेवला नाही. काका तिच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावत होते, तो पलीकडे लॅपटॉपशेजारी थरथरत होता, आणि आजींनी काय उत्तर दिलं ते त्या टेबलावरून कळायची ती वाट बघत राहिली.